सभागृहाची तारीख कोणाच्या हाती?

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद

विषय : जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व महापालिका यापुढे वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहू नयेत, यासाठी कायदा करण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

परभणी जिल्ह्यातला एक मतदार म्हणून हे पत्र लिहितो आहे. आमच्या जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच वर्षी परभणी शहर महापालिकेची मुदत संपली आणि तीही प्रशासकाकडे गेली. महापालिकेसाठी मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडला. जिल्हा परिषदेची पाळी सगळ्यात शेवटी. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या ज्या १२ जिल्हा परिषदांचा निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला, त्यात परभणीचे नाव आले. १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोलीचे नाव त्या यादीत नव्हते.

निवडणुकांचे गाडे आता हलले आहे. प्रचार, निकाल, अध्यक्षपद, पक्षांतरे यांच्या बातम्यांत मधली पावणेचार वर्षे वाहून जातील, अशी मला भीती वाटते. ती वाहून जाऊ नयेत म्हणून हे पत्र. ही वर्षे कोणा एका पक्षाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. त्या काळात राज्यात सरकारे बदलली, सत्तेतले विरोधात गेले, विरोधातले सत्तेत आले. आमची सभागृहे मात्र बंदच राहिली. म्हणूनच हे पत्र मुख्यमंत्र्यांना किंवा एखाद्या मंत्र्याला न लिहिता आपणा सर्वांना, २८८ आणि ७८ सदस्यांना लिहितो आहे. कायदा करणारे हात आपले आहेत.

आधी हे पाहू, की सभागृह बंद राहिले म्हणजे नेमके काय झाले.

जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा भरते. मागच्या सभेचे इतिवृत्त कायम करायचे, अनुपालन अहवाल वाचायचा, मग विषयपत्रिकेवरचे विषय आणि शेवटी आयत्या वेळचे विषय, असा तिचा क्रम. बाहेरून पाहणाऱ्याला हे रटाळ वाटेल. पण या क्रमातच जिल्ह्याचे प्राण असतात. समजा, जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या शाळेत चार वर्गांना एकच गुरुजी आहेत. त्या गटाचा सदस्य उभा राहून विचारतो, की मागच्या सभेत पद भरण्याचे आश्वासन दिले होते, त्याचे काय झाले? शिक्षणाधिकाऱ्यांना सगळ्यांदेखत उत्तर द्यावे लागते. ते इतिवृत्तात येते. तीन महिन्यांनी अनुपालनात त्याच प्रश्नाला पुन्हा सामोरे जावे लागते. अधिकाऱ्याच्या टेबलावरचा अर्ज दप्तरात पडून राहू शकतो. सभागृहात विचारलेला प्रश्न सहजासहजी पडून राहत नाही, कारण तो विचारणाऱ्याला पाच वर्षांनी त्याच तांड्यावर मत मागायला जायचे असते.

प्रशासकाच्या काळात जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक असतो आणि पंचायत समितीत गटविकास अधिकारी. म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी या नात्याने जो प्रस्ताव ठेवायचा, त्याला प्रशासक या नात्याने मंजुरीही त्यानेच द्यायची. स्थायी समिती, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण या सगळ्या समित्यांचे अधिकार एका खुर्चीत गोळा होतात. ती व्यक्ती कितीही सचोटीची आणि कष्टाळू असो, तिला भर सभेत प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. अंदाजपत्रक मंजूर होते, निधी खर्च होतो, बदल्या होतात आणि जिल्ह्याला ते नंतर कळते. माझी तक्रार अधिकाऱ्यांविरुद्ध नाही. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असू नये, या साध्या नियमासाठी जगभर माणसांनी शतकानुशतके झगडा केला आहे आणि तो नियम आमच्याकडे पावणेचार वर्षे गुंडाळून ठेवला गेला, ही माझी तक्रार आहे.

लोकशाहीचा इतिहास सांगताना आपण मताधिकारापासून सुरुवात करतो. कोणाला मत मिळाले, कधी मिळाले, किती झगडून मिळाले. ते सांगायलाच हवे. पण त्याच्या जोडीने आणखी एक झगडा चालत आला आहे आणि त्याकडे आपले लक्ष कमी जाते : सभा कधी भरायची, हे कोणी ठरवायचे?

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षे पार्लमेंट बोलावलेच नाही. पार्लमेंट रद्द केल्याची घोषणा त्याला करावी लागली नाही. फक्त बोलावले नाही, तेवढे पुरले. अखेर पैशाची निकड भासली, तेव्हा पार्लमेंट भरले आणि पार्लमेंटने १६४१ मध्ये कायदा केला, की तीन वर्षांतून एकदा तरी पार्लमेंट भरलेच पाहिजे, राजाने बोलावले नाही तरीही. फ्रान्समधली जुनी प्रातिनिधिक सभा १६१४ नंतर थेट १७८९ मध्ये भरली. पावणेदोनशे वर्षांचा साचलेला हिशेब मग रस्त्यावर कसा चुकता झाला, ते जगाला माहीत आहे. आपल्या शेजारीच पाहा. पाकिस्तानात डिसेंबर १९७० मध्ये निवडणूक झाली, पूर्व पाकिस्तानने स्पष्ट कौल दिला. १ मार्च १९७१ रोजी याह्या खान यांनी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन लांबणीवर टाकले. वर्ष संपायच्या आत त्या देशाचे दोन तुकडे झाले होते.

आपल्या देशातही हे घडले. आणीबाणीत १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवली गेली, निवडणूक पुढे ढकलली गेली. १९७७ मध्ये ती झाली, तेव्हा परभणीने शेतकरी कामगार पक्षाच्या शेषराव देशमुखांना लोकसभेत पाठवले. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. या सगळ्या गोष्टींचा मथितार्थ एकच आहे. लोकशाही दर वेळी बंदुकीने जात नाही. पुष्कळदा ती पुढच्या तारखेवर जाते. ज्याच्या हाती सभागृहाची तारीख, त्याच्या हाती सभागृह.

सदस्यहो, हे आम्हा मराठवाड्याच्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. ब्रिटिश मुलखात मर्यादित का होईना, पण निवडणुका होत होत्या, मंत्रिमंडळे बनत होती. त्याच वेळी इकडे 'गश्ती निशान ५३' या हुकमानुसार साधी जाहीर सभा घ्यायलाही सरकारची परवानगी लागे. जिल्हा मंडळे होती, पण त्यांचे अध्यक्षपद अव्वल तालुकदाराकडे, म्हणजे आजच्या जिल्हाधिकाऱ्याकडे असे. वाचनालये, खाजगी शाळा, गणेशोत्सव यांच्या आडोशाने लोक एकत्र यायला शिकले. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूरला. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. त्या व्यासपीठावरून मागितले गेले ते जबाबदार राज्यपद्धती आणि नागरी हक्क. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रहींनी तुरुंग भरले.

मागणीचा जोर वाढला, तशी निजाम सरकारने राजकीय सुधारणांसाठी अय्यंगार समिती नेमली. १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत सर्वांना मत नव्हते. जमीनदार, व्यापारी, वकील असे हितसंबंधांचे गट करून त्यांना प्रतिनिधी द्यायचे होते. तेवढेही लगेच मिळाले नाही. महायुद्धाचे कारण पुढे झाले आणि निवडणूक १९४६ पर्यंत लांबली. स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला. त्याच १९३९ मध्ये सातारच्या बाजूला औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राजा असून गावपंचायतींच्या पायावर सत्ता प्रजेच्या हाती दिली होती. औंध चिमुकले होते आणि हैदराबाद देशातले सर्वांत बलाढ्य संस्थान. लोकांवर विश्वास ठेवायला मोठे राज्य किंवा मोठा खजिना लागत नाही, एवढे तरी त्यातून कळते.

पुढचे आपणा सर्वांना ठाऊक आहे. स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी, सरहद्दीवरची केंद्रे, निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जुलूम, भारताची पोलीस कारवाई आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादची मुक्ती. त्या विजयाला एक काळी बाजूही आहे आणि ती लपवून लोकशाहीची बाजू मांडता येत नाही. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात निरपराध मुस्लिमांवर अत्याचार झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते नोंदवून सरकारपुढे ठेवले. म्हणजे १९४८ च्या अखेरीस आमच्या भागात काय होते? दोन्ही बाजूंनी पोळलेली गावे, लष्करी गव्हर्नरचा अंमल, उर्दू दफ्तर, मतदारयादीचा पत्ता नाही आणि सार्वत्रिक निवडणूक कशाशी खातात हे न पाहिलेले लाखो निरक्षर लोक.

तरीही काय झाले पाहा. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने भारताचे संविधान स्वीकारल्याचे फर्मान काढले, जनरल जयंतनाथ चौधरी यांचा लष्करी अंमल संपला, वेल्लोडी यांचे मुलकी प्रशासन आले आणि ६ मार्च १९५२ रोजी बूर्गुल रामकृष्ण राव निवडून आलेल्या सरकारचे मुख्यमंत्री झाले. मधल्या काळात घरोघर जाऊन याद्या तयार झाल्या. देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद करायला नकार दिला. मतदानकेंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. शिक्का मारायचा नव्हता. आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. काल-परवापर्यंत वेठबिगारीला जुंपलेला माणूस आणि त्याच्या गावचा जहागीरदार, दोघांच्या हाती एकसारखाच कागद. आणि देशभर काँग्रेसची लाट असताना परभणीने पहिल्याच लोकसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारे यांना निवडून दिले. निरक्षर मतदाराला स्वतःचे डोके असते, हे या जिल्ह्याने तेव्हाच दाखवून दिले.

आता दोन्ही काळ शेजारी शेजारी ठेवा. युद्धसदृश कारवाई, दंगली, लष्करी राजवट आणि कोऱ्या मतदारयाद्या यांतून वाट काढत हैदराबाद संस्थानाने साडेतीन वर्षांच्या आत लोकनियुक्त सरकार उभे केले. सर्व सुखसोयींनी युक्त, संगणकीकृत याद्या आणि मतदानयंत्रे हाताशी असलेल्या, शांततेत नांदणाऱ्या महाराष्ट्राला परभणीच्या जिल्हा परिषदेचा निवडणूक कार्यक्रम जाहीर करायलाच त्याहून अधिक काळ लागला. ही तुलना लिहिताना मला दुःख होते आणि ते आपणा सर्वांपर्यंत पोहोचावे असे वाटते.

हे पहिल्यांदा घडले असते तर एक वेळ समजून घेता आले असते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नाईक समितीने जाणीवपूर्वक एक गोष्ट केली : जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला बांधले. निजामाच्या जिल्हा मंडळात अव्वल तालुकदारच अध्यक्ष असे; ही रचना त्याच्या नेमकी उलट होती. यशवंतराव चव्हाणांच्या काळातल्या या रचनेकडे देश आदर्श म्हणून पाहत होता. पण तारीख सरकारच्या हातीच राहिली. १९७९ च्या निवडणुकांनंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ मध्ये. एक पिढी मतदानाशिवाय मोठी झाली. इतर राज्यांची अवस्था वेगळी नव्हती आणि म्हणूनच ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती करावी लागली. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी दुरुस्ती अमलात आली. पाच वर्षे म्हणजे पाच वर्षे, मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे आणि ती घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, असा तिचा गाभा. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की ही मुदत टाळता येणार नाही.

इतके स्पष्ट असताना गाडी अडली कुठे? ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या सांगितल्या : समर्पित आयोग, प्रत्येक स्थानिक संस्थेची मागासलेपणाची आकडेवारी आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा. ओबीसींचे राजकीय आरक्षण ही न्याय्य मागणी आहे. शतकानुशतके ज्यांना चावडीवर बसू दिले नाही, त्यांना सभागृहात जागा मिळालीच पाहिजे. पण त्यासाठी लागणारी आकडेवारी वेळेत गोळा करणे हे सरकारचे काम होते आणि ते वेळेत झाले नाही. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला तो जुलै २०२२ मध्ये, सभागृहांची मुदत उलटून गेल्यावर.

त्यातच मार्च २०२२ मध्ये आपल्या दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. सत्ताधारी आणि विरोधक एरवी एका विषयावर क्वचित एकत्र येतात. या विषयावर आले. शिवाय सदस्यसंख्या वाढवली गेली, सरकार बदलल्यावर ती पुन्हा पूर्वीवर आणली गेली, त्यावरून नवे खटले उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणानुसार चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करा असे सांगितले, तेव्हा कुठे यंत्रणा जागी झाली. त्यानंतरही मुदतवाढ घ्यावी लागली. ओबीसी आरक्षण आणि वेळेवर निवडणूक, या दोन हक्कांची एकमेकांशी झुंज लावली गेली आणि सर्वाधिक नुकसान झाले ते ओबीसी, दलित, आदिवासी आणि स्त्रियांचेच. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. सभागृहच नसेल, तर शून्याचे निम्मे किती, हा हिशेब कोणी करायचा?

याला एक उत्तर मला नेहमी ऐकायला मिळते आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. लोक म्हणतात, "प्रशासकच बरा. सदस्य म्हणजे ठेकेदार. टक्केवारी, बदल्यांचा बाजार, सभेत हमरीतुमरी." यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत सरपंचपदाच्या जाहीर लिलावाच्या चित्रफिती बाहेर आल्या. उमराण्यातली बोली दोन कोटींच्या वर गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. पण त्या प्रकरणातूनच खरा धडा घेता येतो. चोरी उघड झाली, लोक बोलले, आयोगाने हात घातला. निवडणुकीतली घाण निवडणूक असल्यामुळे दिसली. बंद दाराआड काय घडते, ते दिसायलाच मार्ग नसतो. नालायक सदस्याला घरी बसवण्याची तारीख मतदाराला ठाऊक असते. प्रशासक कधी बदलेल, हे त्याला कोणी सांगत नाही आणि बदलला तरी तो मतदाराच्या मताने बदलत नाही. शिवाय केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानासाठी रीतसर निवडून आलेली संस्था असावी लागते. सभागृह रिकामे राहिले की पैशाचाही तोटा होतो.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय परभणीकराला पुढे जाता येणार नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईला गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा गुन्हा नोंदवण्याचा आदेश कायम ठेवला. ज्या दिवसांत शहर पेटले होते, त्या दिवसांत शहराला निवडून आलेला महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते, जिल्ह्याला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष नव्हता. ते असते तर हे टळले असते, असा दावा मी करणार नाही. पण वस्तीतल्या माणसाला रात्री ज्याचे दार ठोठावता येते, ज्याला पोलीस ठाण्यात जाऊन अधिकाराने विचारता येते आणि ज्याला दुसऱ्या दिवशी सभागृहात उत्तर मागता येते, असा निवडून दिलेला माणूस त्या दिवसांत स्थानिक पातळीवर कोणाकडेच नव्हता. संविधानाच्या प्रतिकृतीभोवती काच हवीच. मात्र त्या संविधानाने दिलेले सभागृह भरते आहे की नाही, यावर त्याची खरी राखण अवलंबून आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी प्राचीन भारतातल्या गणराज्यांची आणि बौद्ध भिक्षुसंघांच्या सभानियमांची आठवण करून दिली होती. गणपूर्ती, ठराव, मतमोजणी या गोष्टी इथे होत्या आणि आपण त्या गमावल्या, पुन्हा गमावू नये, हा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. आमच्या गावांत ती भीती रोज खरी होताना दिसते. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतील जी संख्या कमी असेल ती गणपूर्तीसाठी लागते. पुष्कळ गावांत सभेच्या वेळी दहा-पंधरा माणसे मारुतीच्या पारावर जमतात आणि मग प्रोसिडिंग बुक शिपायाच्या काखेत घरोघर फिरते. चुलीपुढे बसलेल्या बाईचा अंगठा उठवला जातो. कशावर उठवला, ते तिला कोणी सांगत नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असे कायदा सांगतो. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर होते. वरची सभागृहे चार-चार वर्षे न भरवता चालतात, हे पाहिल्यावर खालच्या सभेला जिवंत राहण्याची प्रेरणा कुठून मिळावी? यात आम्हा मतदारांचाही दोष आहे. सभेला न जाता सही करणारे आम्हीच आहोत आणि ती सवय आम्हालाच मोडायची आहे. आमचे काम आम्ही करू. आपले काम आपण करावे, म्हणून पुढच्या मागण्या.

एक. प्रभाग व गटरचना, आरक्षणाची सोडत आणि मतदारयादी हे सगळे मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पूर्ण करणे कायद्याने बंधनकारक करा. ते झाले नाही, तर आधीच्या रचनेनुसार निवडणूक आपोआप लागली पाहिजे. १६४१ चा इंग्लंडचा कायदा जे करू शकला, ते २१ व्या शतकातला महाराष्ट्र नक्कीच करू शकतो.

दोन. प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाला परत द्या. सामन्यात उतरणाऱ्याने मैदान आखू नये.

तीन. आपत्तीमुळे प्रशासक नेमावाच लागला, तर त्याची कमाल मुदत सहा महिने ठेवा. त्या काळात दर महिन्याला जाहीर बैठक घेऊन निर्णय वाचून दाखवणे आणि ते संकेतस्थळावर टाकणे सक्तीचे करा.

चार. मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदांत व महापालिकांत प्रशासकांनी घेतलेले आर्थिक निर्णय, कामांच्या याद्या आणि झालेला खर्च यांची संस्थानिहाय श्वेतपत्रिका काढा. नव्या सभागृहांच्या सर्वसाधारण सभेत तिच्यावर चर्चा होऊ द्या. अधिकाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी ही मागणी नाही. जिल्ह्याला आपला हिशेब कळावा यासाठी आहे.

पाच. इतर मागासवर्गाची संस्थानिहाय आकडेवारी कायम अद्ययावत ठेवणारी यंत्रणा उभारा. आगामी जनगणनेची वाट पाहत पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळ कोणत्याही समाजावर येऊ देऊ नका. आणि ज्या जिल्ह्यांची निवडणूक आरक्षणाच्या ५० टक्के मर्यादेच्या वादामुळे अडली आहे, तिथला तिढा सोडवण्यासाठी सरकारने न्यायालयात स्वतः पुढाकार घ्यावा.

या पाचही गोष्टी आपल्या अधिकारातल्या आहेत. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, खजिन्यावर फार मोठा भार पडत नाही. मार्च २०२२ मध्ये अधिकार सरकारकडे घेताना जी एकी आपण दाखवली, तीच एकी ते परत देताना दाखवा, एवढेच मागणे आहे.

सदस्यहो, आपल्या स्वतःच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक न घेता मुख्य सचिवांनी चार वर्षे महाराष्ट्र चालवला, तर आपण एक दिवस तरी गप्प बसाल का? बसणार नाही, आणि बसूही नये. आम्ही तेच जिल्ह्यासाठी मागतो आहोत. परतूरच्या अधिवेशनापासून १९५२ च्या पहिल्या मतदानापर्यंत ज्यांनी तुरुंगवास, लाठ्या आणि जप्ती सोसली, त्यांनी फक्त मुंबई-दिल्लीतल्या सभागृहांसाठी ते सोसलेले नाही. येत्या अधिवेशनात हे विधेयक आणा. परभणी, जिंतूर, पाथरी आणि गंगाखेडच्या आमदारांनी ते मांडायला पहिल्यांदा उभे राहावे, अशी आम्हा जिल्हावासीयांची अपेक्षा आहे. कोण उभा राहिला आणि कोण बसून राहिला, याची नोंद आम्ही ठेवू आणि मत देताना ती वापरू.

कळावे,

आपला नम्र,
परभणी जिल्ह्यातील एक मतदार